उसना नकाशा

प्रयोगशाळेच्या तळघरात वाळूच्या टाक्या होत्या आणि त्या वाळूत बोटाएवढे पारदर्शक जीव तोंड तेवढं वर काढून बसलेले असत. दिसायला मासोळी, पण कणा नाही, डोळे नाहीत, डोकंही नावालाच. तरी पाठीला कणा असलेल्या आपणा सगळ्यांचे ते लांबचे चुलतभाऊ. त्यांना सांभाळणारी विद्यार्थिनी एकदा म्हणणं मांडून बसली की हलत नसे, म्हणून सगळे तिला खुंटी म्हणत.

प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे धागे असतात. पिढ्या उलटतात तसे त्यांतले दोन कधी जोडले जातात आणि तो जोड वंशात उतरतो. या जिवांच्या शेजारच्या जातीत असाच एक जोडलेला लांब धागा होता. संगणकाने जुळवलेल्या नकाशात आपल्या टाकीतल्या जातीतही तो दिसतो, म्हणजे जोड दोघींच्या सामाईक पूर्वजाचा, असं खुंटीच्या मार्गदर्शक मॅडमच्या लेखात होतं. सगळा लेख त्या जोडावर उभा होता. आज संध्याकाळी तो छापायला जायचा होता आणि त्यात खुंटीचंही नाव होतं.

खुंटीने भ्रूणांच्या पेशी काचपट्टीवर पसरवल्या होत्या. लांब धाग्याच्या एका टोकाला लाल खूण, दुसऱ्याला हिरवी. धागा एक असता तर दोन्ही रंग एकावरच दिसले असते. पण पेशीमागून पेशी बघितली, तरी लाल एका धाग्यावर आणि हिरवा दुसऱ्यावर.

"तुटला असेल," मॅडम खुर्चीतून न उठता म्हणाल्या. "पेशी पसरवायचं औषध जास्त पडलं की धागे तुटतात."

"तुटलेला दर वेळी त्याच जागी कसा तुटेल? मी सगळं नव्याने केलं. औषध निम्म्यावर आणलं."

"मग संगणक खोटा?"

संगणकवाला कोपऱ्यात चहा ढवळत होता. तो हळूच म्हणाला, "धागे तुकड्या-तुकड्यांनीच वाचता येतात, आणि तुकडे फार बारीक होते. कोणता कुठे बसतो ते कळेना. म्हणून शेजारच्या जातीचा नकाशा समोर ठेवून जुळवले. सगळेच ठेवतात."

खुंटी त्याच्याकडे बघतच राहिली. तिची आई शिवणकाम करायची. शेजारणीच्या मापाने झगा बेतला की आई म्हणायची, मग काखेत काचला म्हणून पोरीला बोल लावू नका.

"म्हणजे जोड त्यांचा," ती म्हणाली, "आपण नकाशाबरोबर उसना आणला आणि आता सांगतोय, बघा, आमच्यातही आहे."

"तो नकाशा बाजूला ठेवून परत जुळवता येईल," संगणकवाला म्हणाला. "थोडे दिवस द्या."

"दिवस नाहीत," मॅडम म्हणाल्या. मग आवाज मऊ करून, "हे बघ बाळा, तुझी पदवी माझ्या सहीवर आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"हा मासा नाही, मॅडम."

संगणकवाल्याला ठसका लागला. मॅडम हसल्या नाहीत.

"खाली तळघरात सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय," खुंटी म्हणाली. "एकदा डोळा लावा. एकच धागा दिसला तर मी तोंड उघडणार नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. उठल्या नाहीत.

"मग माझं नाव काढा."

"दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल."

"काम माझ्याकडेच आहे. नाव तेवढं तुमच्याकडे आहे, ते परत द्या."

लेख संध्याकाळी गेला, तिच्या नावाशिवाय. त्याआधीच तिने लाल-हिरव्या धाग्यांचा फोटो छापून चहाच्या मशिनशेजारच्या फळ्यावर लावला होता. खाली लिहिलं होतं: धागे दोन आहेत, काचपट्टी तळघरात, कधीही या. त्याखाली तिचं पूर्ण नाव, ठसठशीत.

सकाळी मॅडम कप घेऊन फळ्यापाशी थांबल्या. "काढ ते."

"तुम्ही काढा," खुंटी म्हणाली आणि टाकीत खाणं घालायला खाली निघाली.

जिन्यावर मागून पावलं वाजली. संगणकवाला होता.

"उसना नकाशा काढून टाकलाय," तो म्हणाला. "संगणक परत जुळवायला लावलाय. तोवर ती काचपट्टी दाखव."