अनारकुलचा उजवा पाय

अर्धांगाचा झटका आला तेव्हा अनारकुल अंगणात लोकर झोडत होती. हातातली काठी गळून पडली, ती उचलायला वाकली आणि तशीच लोकरीच्या ढिगावर कलंडली. दवाखान्यातून घरी आली तोवर अत्-बाशीच्या डोंगरांवर बर्फ उतरला होता. उजवा हात लुळा, उजवा पाय फरफटणारा, तोंड डावीकडे ओढलेलं आणि जीभ अशी जड, की चहा मागायला जावं तर तोंडातून भलतंच काही निघे.

गावात कुणाला नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड जाजम, घालायचा असला की पहिलं बोलावणं अनारकुलला जाई. लोकर कितपत पिंजायची, पाणी किती कढत हवं, गुंडाळी कधी सोडायची, सगळं तिच्या शब्दावर. आवाज असा खणखणीत की ओढ्यापलीकडच्या मेंढ्याही थबकत. तीच बाई आता घरातल्या मानाच्या जागी, दारासमोरच्या भिंतीशी, मऊ गाद्यांवर दिवसभर बसून असे. सून नुर्जात चमच्याने भरवी, केस विंचरी, हाताला धरून परसात नेई. मुलगा मिर्लान घरात शिरताना बूट न वाजवता शिरे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवून पाठवलं होतं, पण घरी आल्यावर ते मागेच पडले. दमली तर? पडली तर? सगळे तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते, आणि जपता जपता ती रोज थोडी थोडी विझत चालली होती.

नमाजही सुटला होता. जिभेवर प्रार्थनेच्या आयता, ती अरबी वचनं, नीट येईनात. बोबडे, तुटके शब्द अल्लाच्या पुढ्यात काय ठेवायचे, म्हणून ती गप्प राहायची. खरं तर तिला रागही आला होता त्याचा. पण हे ती कुणाला बोलली नव्हती.

भेटायला येणाऱ्यांचीही तिला लाज वाटे. शेजारणी आल्या की ती ओढणीने तोंड झाकून झोपेचं सोंग घेई. सगळ्या हळू आवाजात "बिचारी" म्हणत, चहा पीत आणि निघून जात.

कालीपा मात्र गेली नाही. ही शेजारची विधवा, अनारकुलची लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ. एका सकाळी ती येऊन बसली, तळलेल्या पिठाच्या बोर्सोकचा तुकडा दुधाच्या चहात बुडवून खाल्ला आणि अनारकुलच्या तोंडावरची ओढणी सरळ खेचून काढली.

"काय गं, तुला लकवा झालाय की तुझं लग्न ठरलंय? नवी नवरीसुद्धा इतके दिवस पडद्याआड बसत नाही!"

नुर्जात दचकली. वडीलधाऱ्या बाईला ती मानाने एजे म्हणे आणि सासूला आपा. "कालीपा एजे, असं काय बोलता? आपा आजारी आहेत."

"आजारी आहे, मेलेली नाही. दिसतंय मला." कालीपा अनारकुलकडे वळली. "वसंतात माझ्याकडे नमदा घालायचाय. तू येणार नसशील तर सांग, मी त्या वरच्या आळीतल्या बाईला बोलावते."

वरच्या आळीतल्या बाईचं नाव निघताच अनारकुलच्या कपाळाची शीर तटतटली. त्या बाईचे नमदे म्हणजे वर्षभरात झडणारं गवत! तिने तोंड उघडलं. शब्द अडखळला, लाळेत घोळला, पण बाहेर पडला.

"ये... येणार."

"कशी? गादीसकट?"

"पा... यांनी."

कालीपा गेल्यावर अनारकुलने नुर्जातला खूण केली, की व्यायाम. नुर्जातने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग अनारकुलने स्वतःच सुरू केलं. घरात कुणी नसताना भिंतीला धरून उठायचं, उजव्या पायाकडे बघायचं आणि त्याला हुकूम सोडायचा. पाय ऐकत नसे. आडमुठ्या गाढवासारखा तिथेच उभा राही. ती पुन्हा हुकूम सोडी. घाम फुटे, रडू येई, बसून घेई आणि पुन्हा उठे. लुळ्या हाताची बोटं ती डाव्या हाताने एकेक करून उघडी, त्यात लोकरीचा पुंजका ठेवी आणि म्हणे, "धर." पुंजका पडे. पुन्हा ठेवी.

एके दिवशी पुंजका पडायला जरा वेळ लागला. पुढे भिंतीवाचून दोन पावलं टाकता आली. तिला वाटलं, आता गोठ्यापर्यंत जाऊन गाय बघून यावं. पायऱ्या उतरली, अंगणातल्या बर्फावर पाय सटकला आणि ती आडवी झाली.

मिर्लान धावत आला, तिला उचलून आत आणलं. हाडं शाबूत होती, खांदा तेवढा काळानिळा झाला होता. भीतीने त्याचा आवाज चढला.

"आई, काय चाललंय हे? काय कमी आहे तुला इथे? उद्यापासून एकटीने उठायचं नाही, सांगून ठेवतो!"

अनारकुल डाव्या हातावर जोर देऊन उठून बसली. एवढं मोठं वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. तिने ते एकेक शब्द ओढून काढत बाहेर आणलं.

"मरू... देत नाहीस ना मला? मग... जगू तरी दे."

मिर्लान खाली बसला. नुर्जात दाराशी उभी होती, तिला एकदम हुंदका फुटला.

"तुम्हाला काय माहीत आपा, लोक काय बोलतात ते! तुम्ही नुसती बादली उचललीत तरी गाव म्हणेल, सून आजारी सासूला राबवते. माझ्या आईच्या कानापर्यंत जाईल. मला का वाटतं, तुम्ही नुसतं बसून राहावं म्हणून?"

अनारकुलला हे सुचलंच नव्हतं. सून आपल्याला मोडकं भांडं समजते असं ती मनात धरून बसली होती, आणि इकडे ही पोर गावाच्या जिभेखाली वाकली होती. तिने डाव्या हाताने सुनेला जवळ ओढलं.

"गाव... माझ्याकडे पाठव. मी... बघते गावाला."

नुर्जात रडता रडता हसली. त्या दिवशी दोघींचं ठरलं, की अनारकुलने हाक मारल्याशिवाय नुर्जातने हात द्यायचा नाही. पडली तरी आधी वाट बघायची. सुनेला हे सासूपेक्षा जड गेलं. अनारकुल बटण लावताना झगडत असली की नुर्जात ओढणीची टोकं पिळत उभी राही. मिर्लानने पायऱ्यांना कठडा ठोकून दिला आणि अंगणातल्या बर्फावर रोज राख पसरायला लागला.

त्याच सुमारास अनारकुल पुन्हा नमाजाला बसली. वाकता येत नव्हतं, म्हणून बाकावर बसली. आयता सुरू केल्या, जीभ घसरली, ती थांबली. मग जशी शेजारणीशी बोलावं तशी आपल्या रोजच्या भाषेत म्हणाली, "अल्ला, आज गोठ्यापर्यंत गेले. गाय ओळखते मला. तुझ्यावर रागावले होते, ते अजून सगळं गेलेलं नाही. उद्या पुन्हा येते." एवढं बोलून तिला हलकं वाटलं. छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. पुढे आयताही येत गेल्या, पण हे चार शब्द तिने सोडले नाहीत.

बर्फ वितळला. कालीपाच्या अंगणात बायका जमल्या, बोरूच्या चटईवर लोकर पसरली गेली. अनारकुल काठी टेकत फाटकातून आत आली आणि सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तोंड अजून किंचित वाकडं होतं. हात आपोआप ओढणीकडे गेला. तिने तो मधेच थांबवला आणि तोंड उघडं ठेवूनच पुढे गेली.

"काय... बघताय? पाणी थंड आहे. उकळा आधी!"

कालीपा खो खो हसली. "आली गं बाई फौजदारीण!"

कढत पाणी शिंपडलं, चटई गुंडाळली, दोरखंडाने आवळली. दोघीजणी दोर ओढत गुंडाळी फिरवू लागल्या आणि बाकीच्या ओळीने पायाने ती दाबू लागल्या. अनारकुल ओळीच्या टोकाला उभी राहिली. "नुर्जात," तिने हाक मारली, "खांदा दे." सुनेच्या खांद्याला धरून तिने उजवा पाय उचलला आणि गुंडाळीवर आपटला. आपटला म्हणजे ठेवलाच. पुन्हा उचलला. थोड्या वेळाने गुडघा दुमडला, तेव्हा ती ओट्यावर बसली, दम खाल्ला आणि परत येऊन उभी राहिली. कुणी "राहू दे" म्हणालं नाही. म्हणायची सोयच नव्हती.

दुपारी गुंडाळी सोडली. सगळा नमदा घट्ट बसला होता, फक्त अनारकुलच्या बाजूची कड भुसभुशीत राहिली होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ही कड कच्ची आहे," अनारकुल स्वतःच म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. "बांधा... परत."

पुन्हा बांधली. ऊन उतरेपर्यंत ती पाय आपटत राहिली. कड पक्की झाली.

उन्हाळ्यात ती घरच्यांबरोबर डोंगरावरच्या कुरणांत गेली. हात पुरता कधीच सुधारला नाही. नमद्यावर शिवायची नक्षी कापायची कात्री तिने डाव्या हातात घेतली. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळणाच्या वेलबुट्ट्या जरा तिरप्या यायच्या, पण गिऱ्हाइकं त्या तशाच मागू लागली. चालताना पाय ओढे, आणि चढावर ती सगळ्यांच्या मागे असे. पण असे.

पुढच्या हिवाळ्यात गावाच्या खालच्या टोकाच्या ओरोझबेकला झटका आला. धिप्पाड ट्रकचालक, तिच्यापेक्षा वयाने लहान. अनारकुल काठी टेकत त्याच्या घरी गेली. त्याची बायको दारातच म्हणाली, "एजे, तो कुणाला भेटत नाही."

"मलाही भेटवत नव्हतं कुणाला," असं म्हणत अनारकुल आत शिरली.

ओरोझबेकने भिंतीकडे तोंड फिरवलं. घशातून एक जड आवाज आला, "जा... एजे."

"जाते. पण मला जायला फार वेळ लागतो, तोवर ऐकून घे." ती त्याच्या पायथ्याशी बसली, काठी बाजूला ठेवली. "ऊठ म्हणत नाही मी. राग आलाय ना? येऊ दे. तो कामी येतो. फक्त पायाचं बोट हलव."

ओरोझबेक हलला नाही. त्याच्या बायकोने चहा आणला, अनारकुलने तो सावकाश प्यायला, दुसरा मागितला. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. बऱ्याच वेळाने पांघरुणाखाली काहीतरी सळसळलं. डावा पाय होता, चांगला.

"तो नव्हे," अनारकुल म्हणाली. "दुसरा."