दुसरा हुक

दोन हुक, मध्ये बोटभर अंतर.

नाट्यगृहात नेहमी कडेची खुर्ची.

जेवणाआधी अर्धा तास, एक गोळी.

अकरा वर्षं न चढलेल्या तीन पायऱ्या.

त्या पायऱ्या चढून तिने दादाच्या शिंपीकामाच्या दुकानाचं दार ढकललं. शिवणयंत्र थांबलं. दादाने चष्म्यावरून पाहिलं आणि गळ्यातली टेप उगाच सारखी केली.

"ये ठमे. वाट चुकलीस?"

"काम होतं," म्हणत तिने पिशवीतून राखाडी स्कर्ट काढून टेबलावर ठेवला. कामापुरतं बोलून हा आपल्याला वाटेला लावतो की काय, या धास्तीने ती उभीच राहिली.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती तोवर तिचे सगळे स्कर्ट दादानेच शिवले. माप घ्यायला मात्र तो तिला जेवण झाल्यावरच बोलवायचा आणि टेप धरून हसवत बसायचा, पोट आत ओढू द्यायचा नाही. कमरेला दोन हुक लावायचा. आठ तास एका जागी, कानाला हेडफोन. पोटात मुरडा उठला की ती "थांबा, जोडून देते" म्हणता म्हणता दुसऱ्या, सैल हुकावर यायची. हात आपोआप जायचा. निवृत्तीच्या दिवशी कपडे बदलताना मैत्रिणींना तो हुक दिसला. भावाने जेवणाची सोय करून दिलीय हो, अशी थट्टा झाली. ती तशीच उठून दुकानात आली आणि दादाला गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, मला जाडी म्हणायचंय तर तोंडावर म्हण. तेव्हापासून ती तयार कपडे घालू लागली आणि दादानेही निरोप धाडला नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या चाळीस वर्षांच्या दुखण्याला नाव दिलं. आतडी आखडतात, ती सैल करणारी ही गोळी, असं सांगून त्यांनी सहज विचारलं, कमरेला घट्ट तर घालत नाही ना? घरी येऊन तिने जुनं कपाट उघडून हा राखाडी स्कर्ट बाहेर काढला होता.

दादाने स्कर्ट उलटा केला.

"हुक काढायचाय?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवर साडेबारा वाजले होते.

"आधी पाणी दे. गोळी घ्यायचीय."

त्याने पेला आणला, तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी पाहिली, ती गोळी घेत असताना बटणांचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी तशीच पट्टी होती, अर्धी संपलेली. त्याने एक गोळी काढली आणि तिच्याच पेल्यातल्या उरलेल्या पाण्याबरोबर घेतली.

"तुलाही?"

"काम शिकत होतो, तेव्हापासून."

"मला कधी बोलला नाहीस."

"पोटाचं कोण सांगतं गं. हुक लावत होतो की."

तिने स्कर्टाची कड बोटांनी सपाट केली, पुन्हा केली.

"हा आता बसत नाही," ती म्हणाली. "जाडी झालेय मी. नवा शिव. घे माप."

दादाने गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली.

"आत्ता नको. आधी जेवू."

त्यांच्या आईच्या घरी घालायच्या झग्याच्या पट्ट्याला बटण एकच होतं, काजं दोन.