दोन मेंग सूयन आणि एक खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझे पाय लाकडाचे, बैठक जाड निळ्या कापडाची, आणि पाठीवर पांढऱ्या दोऱ्याने एक नाव भरलेले आहे : मेंग सूयन. माझ्या आयुष्यात जे काही घडले ते या नावामुळे घडले, आणि खरे सांगायचे तर त्यात वाईट फारसे काही नव्हतेच.

इंचन शहरातल्या एका अरुंद गल्लीत माझा जन्म झाला. सुताराने पाय घासले, त्याच्या बायकोने नाव भरले. तिने प्रत्येक अक्षरावरून दोनदा दोरा फिरवला. नाव उसवले तर माणसाला वाईट वाटते, असे ती नवऱ्याला म्हणाली. त्या बाईचे उपकार मी विसरलेली नाही.

मग मला खोक्यात घालून मुनग्यंगच्या डोंगरात पाठवले गेले. तिथे राजेरजवाड्यांच्या मालिकांसाठी लाकडी वाडे आणि बाजारपेठा उभारून ठेवल्या आहेत. जानेवारी होता. आमच्यासारख्या खुर्च्या मोठ्या नटनट्यांना त्यांचे चाहते भेट म्हणून पाठवतात. बाकीची माणसे कोंबड्या झाकायच्या उलट्या टोपलीवर नाहीतर भाताच्या खोक्यावर बसतात. तिथे नावाची खुर्ची म्हणजे मान असतो.

माझे खोके मानपिलदादाने उघडले. शूटिंगचे सगळे सामान त्याच्या ताब्यात असे. गेली तीस वर्षे तो हेच काम करत होता, आणि त्याला जगात एकच मेंग सूयन माहीत होती. ती म्हणजे आमची मावशी.

मावशी अडुसष्ट वर्षांची होती. एक्केचाळीस वर्षे ती पडद्यावर काम करत होती, पण तिचे नाव विचारले तर रस्त्यात कोणी सांगू शकले नसते. कधी मासळीवाली, कधी सुईण, कधी रडणारी शेजारीण. तीनदा तर ती प्रेत झाली होती. सगळे युनिट तिला मावशी म्हणे. एवढ्या वर्षांत तिला कुणी खुर्ची सोडा, साधी उशीसुद्धा पाठवली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मालिकेची नायिकाही मेंग सूयनच होती, मग दादाला ते कसे ठाऊक नव्हते? त्याचे असे, की शूटिंगमध्ये नायिकेला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ती राजकन्या झाली होती, म्हणून सगळे तिला राजकन्याच म्हणत. शिवाय ती पाचव्या दिवशी यायची होती. खोक्यावर तर नुसते नाव होते. दादाने मला बगलेत मारले आणि तडक शेकोटीकडे नेले.

"मावशी, उठा त्या टोपलीवरून," तो म्हणाला. "कोंबड्यांची जागा अडवलीत."

मावशीने माझ्या पाठीवरचे नाव वाचले. मग बोट फिरवून पुन्हा वाचले.

"कुणी पाठवली रे? माझं प्रेताचं काम कुणाच्या एवढं मनात भरलं?"

सगळे हसले. ती अगदी कडेला टेकून बसली, मी मोडेन की काय अशी. मग हळूहळू मागे सरकली. तिचा उजवा गुडघा दुखरा होता, तो तिने माझ्यावर बसून पहिल्यांदा सरळ केला. मित्रांनो, खुर्चीच्या जन्माला येऊन आणखी काय मिळवायचे असते?

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. तिकडे रीत अशी, की काही चांगले घडले तर तांदळाच्या पिठाचा तोक नावाचा पदार्थ वाफवून वाटायचा. मावशीने खालच्या गावातून लाल चवळीचा थर दिलेला गरम तोक मागवला. थोडाथोडका नव्हे, ऐंशी माणसांचा! कॅमेरावाले, दिवेवाले, घोडे सांभाळणारे, कुणालाही तिने वगळले नाही. दोन्ही हातांनी प्रत्येकाला देत ती सांगत होती, की खा, माझी खुर्ची आली. दिग्दर्शकाने तर दोन खाल्ले.

आणि सगळ्यांची पोटे भरल्यावर नायिकेच्या मॅनेजरचा फोन आला. चाहत्यांनी पाठवलेली खुर्ची पोचली का? पाचव्या दिवशी राजकन्या त्या खुर्चीसोबत फोटो काढून चाहत्यांना दाखवणार होती.

मानपिलदादाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. सगळे वाड्यामागे जमले. मावशीला सांगायचे कुणी? दादा म्हणाला दिग्दर्शकांनी सांगावे, दिग्दर्शक म्हणाले ज्याने घोळ घातला त्याने सांगावे. नवी खुर्ची करून घ्यावी म्हटले तर वेळ नव्हता. ज्या हाताने आपल्याला खाऊ घातले त्या हाताखालची खुर्ची काढून घ्यायला एकही माणूस तयार होईना. शेवटी सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त मला ठाऊक होती. त्याच संध्याकाळी मावशीने मला घडी घालताना उलटे केले, बर्फ झटकायला. माझ्या बैठकीखाली एक पट्टी शिवलेली होती. तिच्यावर लिहिले होते, 'चोविसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आमच्या राजकन्येला.' मावशीने ते वाचले. ती बर्फातच उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही. माझ्या पाठीवरच्या नावाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

मला वाटले, उद्या ही टोपलीवर जाणार. पण तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्यावरच बसली, हसतखेळत बसली. फक्त आधी आपला रुमाल काढून तिने माझ्यावर अंथरला. चौथ्या दिवशीही तसेच. असे का, ते मला कळेना. लोक तिच्यापासून लपवत होते, ती लोकांपासून लपवत होती, आणि मधे मी.

पाचव्या दिवशी राजकन्या आली. मॅनेजर गाडीतून उतरला तो थेट शेकोटीकडे निघाला. मानपिलदादा त्याला आडवा गेला.

"तुम्ही तोक खाल्ला नाहीत साहेब, म्हणून तुमचे पाय तिकडे वळतायत," तो म्हणाला.

तेवढ्यात मावशी स्वतःच उठली. रुमाल घडी करून तिने कमरेला खोचला, मला मिटून हातांवर घेतले आणि दुखऱ्या गुडघ्याने बर्फ तुडवत नायिकेपुढे जाऊन उभी राहिली.

"पोरी, ही तुझी आहे. चार दिवस बसले हिच्यावर. मळू दिली नाही."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दादा कसाबसा म्हणाला, "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशीच कळलं. पण तोवर तुम्ही ऐंशी जणांनी तोक खाल्ला होता. मी उठले असते तर तुम्हीच ओशाळला असतात. म्हटलं, बसून राहावं झालं."

राजकन्येने मला घेण्यासाठी हात पुढे केलाच नाही. ती कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"बाई, पाच वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोन केला होता. या धंद्यात आधीच एक मेंग सूयन आहेत, तू नवीन, तेव्हा नाव बदल, असं कंपनी म्हणत होती. रीतच आहे तशी. तुमची परवानगी असेल तर हेच नाव ठेवता येईल, म्हणून मी विचारलं होतं."

मावशी आठवू लागली. "एक मुलगी रडत होती खरी. ती तू होय?"

"मीच. तुम्ही म्हणालात, बापाने ठेवलेलं नाव आहे, टाकू नकोस. माझं कुठे ते कुणी चोरून नेण्याइतकं मोठं झालंय." तिने माझ्या पाठीवरच्या नावाकडे बोट केले. "तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात तर या खुर्चीवर दुसरंच काहीतरी लिहिलेलं असतं. बसा बाई. तुम्ही उभ्या असताना मी बसले तर माझी आजी मला घरात घ्यायची नाही."

तिने मला स्वतः उघडले आणि मावशीला हाताला धरून बसवले. आपण शेजारी बर्फात बसली. फोटो काढला तो तसाच. खाली तिने लिहिले, 'खुर्ची पोचली. थोरल्या मेंग सूयनबाईंना फार आवडली.'

मॅनेजरने कपाळाला हात लावला. चाहत्यांनी आपल्या खाऊचे पैसे साठवून मला घेतले होते, ते रागावतील अशी त्याला धास्ती होती. दोन-चार जण कुरकुरलेही. बाकीच्यांनी मात्र मावशीची जुनी कामे शोधून काढली. मासळीवाली, सुईण, शेजारीण, तिन्ही प्रेते, सगळी एकमेकांना दाखवली.

दहाव्या दिवशी चाहत्यांकडून आणखी एक खोके आले. या वेळी मानपिलदादा उघडायलाच तयार होईना. दिग्दर्शकाने उघडले. आत माझ्यासारखीच निळी खुर्ची होती. तिच्या पाठीवर लिहिले होते, 'धाकटी मेंग सूयन'.

तिला माझ्या शेजारी मांडले. मावशीने ती अक्षरे वाचली, मग माझ्या पाठीवरची वाचली. माझ्यावर 'थोरली' असे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. जन्मभर ती बाई दिग्दर्शकाने सांगितले की रडत आली होती. त्या दिवशी ती कुणी न सांगता रडली.

आज त्याला नऊ वर्षे झाली. मावशीच्या घराच्या सज्जात मी असते. माझा एक पाय डुगडुगतो, कापड फिके पडले आहे, पण नावाचा एकही टाका सुटलेला नाही. मावशी सकाळी उन्हात माझ्यावर बसून शेंगा सोलते, आणि मला याहून जास्त काही नको आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, उन्हापावसात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण एक आणखी सांगते. कधी कुणी चुकून तुमच्या जागेवर बसलेले दिसले, तर त्याला लगेच उठवू नका. कदाचित त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी "बसा" म्हटलेले असेल.