धडधाकट माणसं हवीत

"उचल गं पाय. गुडघे मलाही आहेत, पण ऐकतंय कोण?" धाकटी टबावर ओणवी होऊन म्हाताऱ्या कुत्रीच्या कानात पुटपुटली.

थोरलीने ऐकलं. केस कापायच्या मशीनच्या घरघरीत ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय होती, ती तिने वापरली.

कुत्र्यांना अंघोळ घालायची, केस कापायचे, कानामागच्या गोचिडी चिमट्याने उपटून स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या, असं ते दुकान. वडिलांच्या मागे दोघी बहिणींनीच उचलून धरलेलं. आई पुढे बसून फोन घेई. तिचे हात आता कापत, कात्री धरण्यातले राहिले नव्हते. सगळं सुरळीत चाललं होतं, पण वर्षभरापूर्वी धाकटीचं दुखणं सुरू झालं. एक दिवस गुडघा, दुसऱ्या दिवशी मनगट, तिसऱ्या दिवशी नुसताच थकवा. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. गोळ्या परवडण्यासारख्या होत्या. विश्रांती नव्हती.

"आज दुखण्याची गाडी कुठल्या स्टेशनात?" थोरली सकाळी शटर उघडताना विचारायची. सुरुवातीला धाकटीही हसायची.

मग दवाखान्याच्या दारावर कागद लागला. गोचिडींपासून होणारे संसर्ग किती जणांना नकळत होऊन गेलेत ते बघायचंय, रक्त द्यायला धडधाकट माणसं हवीत. तिघी गेल्या. रक्त घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीला विचारलं, "काही दुखतंखुपतं?"

"छे, अजिबात नाही," धाकटी म्हणाली.

रोज उठून दुखण्याचा पाढा वाचणारी ही बाई. थोरली शेजारी दंडावर कापूस दाबून उभी होती. तिने कापूस आणखी घट्ट दाबला. आईला एकदम पर्स आवरायची होती.

घरी जाताना धाकटीनेच सांगितलं, "दुखतं म्हटलं असतं तर घेतलं नसतं त्यांनी. रक्तात सापडलं म्हणजे तरी विश्वास ठेवशील ना, ताई?"

तेव्हापासून थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुलूप लावून निघायची, कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघायची. मानेवर काही सरपटतंय असं वाटून हात न्यायची, तर कुणाच्या तरी कुत्र्याचा केस. सापडलं तर? हिला घरी बसवायचं आणि हे टब, हे टेबल, ही चावरी पोरं एकटीने ओढायची? नाही सापडलं तर मग वर्षभर आपण काय चुकलो? या विचाराने तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की आणखीच चैन पडायचं नाही.

आज डॉक्टरीणबाई तपासणीचा निकाल घेऊन येणार होत्या. त्या ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत आत आल्या.

"तुमच्या तिघींच्याही रक्तात अँटीबॉडीज सापडल्या."

"माझ्या?" आई म्हणाली. "मला तर कधी गोचीड चावलीसुद्धा नाही."

"चावलेली कळतेच असं नाही. जंतू येतो, शरीर त्याला परतवून लावतं, खूण तेवढी मागे राहते. समोरच्या बेकरीवाल्यांच्याही रक्तात आहे."

"तो? तो कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो."

"सुट्टीत रानातून भटकत असतील. गवतातूनही येतात त्या. बऱ्याच चांगल्या धडधाकट माणसांत सापडतंय बघा. म्हणून घाबरायचं काही नाही. नुसत्या खुणेवरून कुणी आजारी ठरत नाही."

थोरलीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तिच्याही रक्तात तेच होतं, आणि ती तर सकाळपासून उभी होती. टोमणा अगदी जिभेवर तयार होता. तो सोडायला ती वळली.

धाकटी टॉवेल पिळत होती. एकदा पिळला, पाणी तसंच राहिलं. बोटं मिटत नव्हती. तिने टॉवेल टबाच्या काठावर ठेवला आणि मनगटांनी दाबला. वर्षभर पुरावा शोधत होती. तो हातात आला आणि बेकरीवाल्याबरोबर वाटला गेला. ती चिडेल, भांडेल असं थोरलीला वाटलं होतं. ती नुसती टॉवेलातून गळणारं पाणी बघत राहिली.

"मी निघते तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघी धडधाकटांतच. कुणाला त्रास असता तर गोष्ट वेगळी होती. मग ही खूण बाजूला ठेवून, नेमकं कशाने दुखतंय ते मुळापासून शोधावं लागलं असतं."

आई फोनचा रिसीव्हर पुसू लागली. फोन वाजला नव्हता. कुत्रीने अंग झटकलं, पाणी सगळ्यांवर उडालं, आणि कुणीच हललं नाही.

डॉक्टरीणबाई दारापर्यंत पोचल्या. थोरलीने मशीन बंद केलं.

"डॉक्टर, हिला धडधाकटांत धरू नका," ती म्हणाली. "माझी बहीण आजारी आहे."