चौथ्या खंडातील घोडी

हिवाळा सरत आला असता, एका रविवारी दुपारच्या चहानंतर, दुसऱ्या मजल्यावरील शिवणकामाच्या खोलीत एका कादंबरीचा निकाल लागला. निकाल कादंबरीच्या विरुद्ध गेला; आणि त्याला सर्वस्वी कारणीभूत असलेले गृहस्थ त्याच खोलीत, बंद शिवणयंत्रावर कोपर टेकून, कप विसळायला कोणी उठेल काय याची वाट पाहत बसले होते.

कादंबरी म्हणजे एका प्रदीर्घ अद्भुतमालिकेचा चौथा खंड. तीत बोलणारे पर्वत होते, बर्फाखाली निजलेला राजा होता, आणि त्या राजाला जागे करणारी घंटा पाठीवर घेऊन देशोदेशी चालणारी एक म्हातारी करडी घोडी होती, आणि घोडीच्या सोबतीला एक घंटेवाली म्हातारी होती. घरच्या बाई शिवणकाम करीत. आधीचे तिन्ही खंड त्यांनी एक गिऱ्हाईक गेले आणि दुसरे यायचे आहे अशा फटींतून वाचून काढले होते. चौथ्यासाठी लेखकाने वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले. शेवटी तो हाती आला, आणि त्याच सुमारास बाईंच्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सुई आणि अक्षर या दोहोंना मनाई केली.

“मी वाचून दाखवीन,” यजमान म्हणाले होते.

“तुम्ही? हे? पर्वत तोंड उघडायच्या आत तुमचं तोंड वाकडं होतं!”

“होऊ दे वाकडं. वाचीन.”

यजमान निवृत्त मुद्रितशोधक. जुन्या, घोटीव गद्यावर त्यांची निष्ठा होती. वाक्यात जो शब्द काही काम करीत नाही त्याने तिथे बसून राहू नये, असे त्यांचे मत होते, आणि ते मत ते छापखान्यात लेखकांनाही ऐकवीत. तिथे त्यांना सगळे ‘कात्री’ म्हणत. बाईंना हे नाव फार आवडे. “घरात दोन कात्र्या,” त्या गिऱ्हाइकांना सांगत, “माझी निदान कापडावरच चालते.”

वाचनाचा पहिला दिवस पंचाईतीचा गेला. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने ती खिळ्यांच्या छापाशी ताडायची, अशी रीत होती. जन्मभराची जीभ त्याच वळणाने गेली.

“बर्फ पडत होते स्वल्पविराम, पर्वत गप्प होते स्वल्पविराम, आणि...”

“अहो, पुरे! बर्फ पडतंय की तुम्ही तार पाठवताय?”

विरामचिन्हे त्यांनी निग्रहाने सोडली. दुसरी सवय मात्र सुटली नाही. फाजील विशेषण डोळ्यांना टोचले की जीभ ते ओलांडून जाई. आधी विशेषणे गळाली, मग वाक्ये. पुस्तकाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत अख्खी पाने गळू लागली. यात आपण काही लबाडी करतो असे त्यांना वाटले नाही. पालेभाजी निवडून द्यावी तसे ते पुस्तक निवडून देत होते, आणि तेही आजारी माणसाला.

त्या रविवारी पुतणी आली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि या मालिकेपायी काकूंइतकीच खुळावलेली. चपला काढायच्या आतच तिने विचारले, “काकू, संपलं ना? घोडीचं काय ते! मी दवाखान्यात रडले. पेशंट म्हणाला, बाई, दात माझा दुखतोय!”

बाई हसल्या नाहीत. डोळ्यांवरचा काळा चष्मा त्यांनी नीट केला.

“घोडी मेली, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही गं. पहिल्या भागात तिच्या खुरात काटा गेला तेव्हा माझा एक सदरा उलटा शिवला गेला होता. आता ती मेली, आणि मी विचारलं, चहा टाकायचा का.”

“काहीतरीच काय!”

“खरंच. लेखक तोच, घोडी तीच. म्हणजे माझ्यातलंच काहीतरी आटलं. आधी नजर, आता हे. तू असं कर, चारही खंड घेऊन जा. पुढचा आला तरी मला सांगू नकोस.”

गेली कित्येक वर्षे यजमान याच खोलीत ही मालिका पोकळ असल्याचे प्रतिपादन करीत आले होते. आज प्रतिपक्ष स्वतःहून शस्त्रे खाली ठेवीत होता. त्यांनी विजयाचा शोध घेतला; तो कुठे सापडेना.

“पण काकू,” पुतणी म्हणाली, “घंटेवाली म्हातारी खिशातून बी काढते आणि घोडीच्या भोवती पेरते, तिथेसुद्धा नाही?”

“तेच तर! कसलं बी, कुठून आलं? लेखक सांगायचं विसरला.”

“विसरला कुठे? आयाळीतलं बी!”

“कुठली आयाळ?”

पुतणीने काकूंकडे पाहिले, मग सावकाश काकांकडे. यजमानांनी शिवणयंत्रावरचा कोपर काढून घेतला.

“तुझ्यातलं काही आटलेलं नाही,” ते म्हणाले. “आयाळ मी गाळली.”

“गाळली म्हणजे?”

“ती म्हातारी तबेल्यात घोडीची आयाळ विंचरते. तीन पानं नुसती विंचरते. घडत काहीच नाही. मला वाटलं...”

“तरीच! तुमचा आवाज मधेच उडी मारायचा. मी म्हटलं, पानं चिकटलेली असतील. आणखी काय काय गाळलंत?”

“पर्वत बरेच.”

“अहो, कात्री!”

एवढे बोलून त्यांनी हात पुढे केला, पुस्तक चाचपून घेतले आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवले. “वाचा. आयाळ.”

त्यांनी पान काढले. म्हातारी फणी फिरवीत होती. केसांच्या प्रत्येक गुंत्यात कुठल्या ना कुठल्या देशाचे गवत अडकले होते, आणि त्याचे बी ती एकेक करून खिशात टाकीत होती. हे नदीकाठचे, हे त्या जळक्या गावाचे, हे जिथे आपण दोघी चुकलो होतो तिथले.

“‘करडी, राठ, धुरकट, थकलेली आयाळ’,” यजमान थांबले. “एका आयाळीला चार विशेषणं. दोन पुरे झाली असती.”

“चारही वाचा.”

त्यांनी चारही वाचली. पुढे म्हातारी घोडीच्या कानाशी वाकून म्हणाली की आता तुझ्या अंगावर कुठलाच देश उरला नाही, तू हलकी झालीस. इथे यजमानांनी पानाकडे अंमळ जास्तच बारकाईने पाहिले, आणि खोल आवाजात म्हणाले, “पूर्णविराम.”

मग न थांबता त्यांनी मरणाचे प्रकरण पुन्हा वाचले. म्हातारीचा हात खिशात गेला तेव्हा पुतणीने काकूंचा हात धरला. डोळ्यांना ताण नको म्हणून रडायचे नाही, असे बाईंनी ठरवले होते. ते काही त्यांच्याने झाले नाही. यजमानांनी आपला रुमाल काढला, आधी स्वतः वापरला, आणि मग बाईंना दिला.

“ओला आहे,” बाई म्हणाल्या.

“सर्दी,” यजमान म्हणाले.

चष्मा उचलून बाईंनी डोळे हलकेच टिपले, चौथा खंड पुतणीच्या हाताला लागू नये म्हणून आपल्याकडे ओढून घेतला आणि निकाल दिला.

“पुस्तक चांगलं आहे. उद्या पहिल्या पानापासून.”