प्रागहून आलेला खडा

अविवा चिंचोलकर प्रागहून परत आली ती तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. कोलशेतच्या बिल्डिंगमधले शेजारी विचारून विचारून थकले, की बाई, युरोप बघून आलीस, काहीतरी सांग. ही आपली पूल छान आहे, थंडी फार आहे, एवढ्यावर आटपायची. खरं म्हणजे तिला स्वतःलाच काही कळलेलं नव्हतं. त्यात जीन्सच्या खिशातून निघालेला तो करडा खडा तिला स्वस्थ बसू देत नव्हता.

त्याचं असं झालं. ठाण्याच्या सिनेगॉगमधली तरुण पोरं तिथल्याच सायमन अंकलबरोबर प्रागला गेली होती, ज्यूंचा वारसा बघायला. वारसा बघायचा म्हणजे काय, तर महायुद्धात मारून टाकलेल्या माणसांची भिंतींवरची नावं वाचायची. वाचली. रडूही आलं. पण टोमाश नावाचा त्यांचा तिथला गाईड, तसा चांगला मुलगा, सारखा विचारायचा, तुमच्या लोकांचं काय झालं? ही मंडळी सांगायची, काही नाही झालं. कोकणच्या किनाऱ्यावर म्हणे आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बस्स. टोमाश मान हलवायचा खरा, पण गोष्ट अर्धीच ऐकल्यासारखा बघत राहायचा. आपल्याला कुणी छळलंच नाही म्हणजे आपण कच्चे ज्यू की काय, असलं एक खूळ अविवाच्या डोक्यात शिरलं ते काही निघेना.

शेवटच्या दिवशी टोमाशने त्यांना गावाबाहेरच्या कब्रस्तानात नेलं. इथे पुष्कळांच्या मागे कुणीच उरलेलं नाही, तेव्हा एकेकाने एकेक कबर निवडा आणि तिच्यापाशी थोडा वेळ उभे राहा, असं त्याने सांगितलं. अविवाने कोपऱ्यातली एक निवडली. दगडावर शेवाळ, पाचोळा, आणि वर कुणीतरी टाकून दिल्यासारखे खडे. तिला बघवेना. कबरीपाशी नुसतं हात बांधून उभं राहायचं नसतं, आधी झाडायचं, पुसायचं, मग प्रार्थना, हे पप्पांनी तिला लहानपणीच शिकवलेलं. पप्पा गेल्यापासून ती आणि आई त्यांच्या कबरीवर तेच करत आल्या होत्या. तिने दोन्ही हातांनी खडे खाली लोटले, बाटलीतलं पाणी ओतलं आणि ओढणीने घासून घासून दगड लख्ख केला. टोमाशला दिसू दे, आम्हालाही काही येतं, असंही तिच्या मनात होतं, ते कशाला लपवा.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. एक म्हातारी खाली पडलेल्या खड्यांकडे बघत उभी होती. टोमाश धावत आला, दोन शब्द तिच्याशी बोलला आणि मग अविवाला हळूच म्हणाला की तो कचरा नव्हता. इथे भेटीला आलेला माणूस कबरीवर खडा ठेवून जातो, मी आलो होतो म्हणून. ही कबर या बाईंच्या बहिणीची, आणि त्या दर वर्षी एक ठेवतात. ठाण्यात आपण फुलं ठेवतो, सब्जाची डहाळी ठेवतो, खड्यांचं अविवाला कधी कुणी बोललंच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून वेचायला लागली. पण खालची वाटच सगळी खडीची, त्यात बहिणीचा कुठला आणि वाटेवरचा कुठला, कुणी सांगावं? म्हातारीनेही वाकून दोन-चार उचलून पाहिले, पुन्हा टाकले. मग पुसलेल्या दगडावरून बोटं फिरवत ती काहीतरी पुटपुटली आणि काठी टेकत निघून गेली.

"काय म्हणाल्या त्या?" अविवाने विचारलं.

"म्हणाल्या, आता नाव वाचता येतंय."

रागाने म्हणाल्या की मायेने, ते टोमाशलाही सांगता येईना.

आणि घरी येऊन बघते तर त्या वेचण्यातला एक खडा खिशात. म्हणजे खडे विस्कटून आले ते आले, वर एक चोरूनही आले, असं तिला झालं. आईला सांगायची तिची हिंमत होईना. पप्पांनी शिकवलेलंच करायला गेले आणि तेच नडलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? सायमन अंकलना विचारलं तर ते म्हणाले, खाडीत टाक आणि परीक्षेचं बघ. या माणसाला कशाचं काही नाही. शेवटी तिने ठरवलं, शिकवलं पप्पांनी, तर आता हा खडाही सांभाळू देत पप्पाच.

पप्पांच्या स्मृतिदिनी दोघी ठाण्यातल्या आपल्या कब्रस्तानात गेल्या. आई फाटकाशी फुलं घेत थांबली होती, तेवढ्यात अविवाने पुढे जाऊन पप्पांच्या नावाखाली तो खडा ठेवला. ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटलं. मग ती नळावर बादली भरायला गेली.

परत आली तर आई कामाला लागलेली. पाचोळा, माती, खडे, सगळं हाताने लोटून झालेलं, आणि आता ती पदराच्या टोकाने एकेक मराठी अक्षर पुसत होती.

अविवाने बादली खाली ठेवली. ती वाकली, एक खडा उचलला, दुसरा उचलला. सगळेच करडे. असा राग आला तिला, की आईचा हात धरून बाजूला ओढावंसं वाटलं. आईचा हात थांबला. तिचे तळवे मातीने भरले होते.

"काही पडलं का गं तुझं? माझं काही चुकलं का?"

आईचा तो घाबरलेला चेहरा बघून अविवाला रडू फुटलं. राग मात्र गेला नव्हता, तो तिथेच होता. हातातला खडा तिने खाली टाकला आणि पप्पांच्या नावावरून बोटं फिरवली.

"नाही गं," ती म्हणाली. "आता नाव वाचता येतंय."

"मग, त्यासाठीच तर पुसते," आई म्हणाली आणि फुलं ठेवायला वाकली.