खंडेनवमीचे तेल

रेवणसिद्धने तिसऱ्यांदा फटफटी सुरू केली, गिअर टाकला आणि क्लचची मूठ हळूहळू सोडली. इंजिन ओरडले, अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. गाडी मात्र जागची हलली नाही.

ओसरीवर त्याची धाकटी बहीण गौराबाई वळकटी बांधून उभी होती. हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. दसऱ्याच्या सुट्टीत अडकलेले पत्र चारठाण्यात पोचले ते काल संध्याकाळी, आणि उद्या सकाळी दहाला हजर न राहिल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हैदराबादकडे जाणारी गाडी सेलूहून दुपारी दोनला सुटत असे. सेलू आठ-नऊ कोस. बैलगाडीने पोचायला दिवस मावळला असता, आणि महायुद्ध सुरू झाल्यापासून प्रवासी सर्व्हिस मोटारीचा भरवसा राहिला नव्हता. विशीतच विधवा झालेल्या आणि भावाच्या जुन्या पुस्तकांवर इंग्रजी शिकलेल्या गौराबाईला अशी संधी पुन्हा येणार नव्हती. हे घरात सर्वांनाच ठाऊक होते. रात्रीपासून अबोला धरून बसलेल्या आईलाही, मल्लम्मालाही.

"तार आखडली आसंल," रेवणसिद्ध म्हणाला. त्याने क्लचची तार सैल केली, पुन्हा लाथ मारली. तोच आरडाओरडा, तोच ठिय्या.

"परवापरवा तर पळायलती की," गौराबाई म्हणाली.

"सणात हातच लावला न्हाई मी हिला. खंडेनवमीला पुजली, तवापसून उभीच हाय."

परभणीच्या एका कारागिराने त्याला एकदा समजावले होते. क्लचमध्ये एकीवर एक अशा चकत्या असतात. मूठ सोडली की त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि मगच इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. पकड सुटली तर इंजिन नुसतेच फिरते. म्हणजे दोष आत होता. रेवणसिद्धने बाजूचे पत्र्याचे झाकण खोलले, आणि आतून तेलाची पिवळी धार मातीवर सांडली.

गौराबाईने बोटाला लावून वास घेतला. "अण्णा, हे मशीनचं तेल न्हाई. करडीचं हाय."

फटफटी धरून उभा असलेला सालगडी मुंजाजी एकाएकी खाली बघू लागला.

"म्या ओतलं, आप्पा," तो हळूच म्हणाला.

"कवा?"

"खंडेनवमीला. तुमी हार घालून घरात गेलाव, तवा. तिथं वर एक टोपन हाय ना, ते काढून."

"किती ओतलंस?"

"बुधलीभर." त्याने हाताने माप दाखवले. "बैलगाडीच्या आखाला वंगन देतो आपन, नांगर-कुळव पुजतो. मंग हिलाच कोरडी कशी ठिवावं? सरावणात हिच्यावरच तुमी जिंतूरचा डाक्टर आनला, म्हनून माझी बायकू कमलबाई वाचली. लय उपकार हायत हिचे. वंगन बी हलकं न्हाई घातलं, आप्पा. घान्यावरचं खायचं तेल घातलं."

रेवणसिद्धच्या ओठांपर्यंत आलेला कठोर शब्द तिथेच थांबला. समोरच्या माणसाने आपल्या घरातली सर्वांत चांगली वस्तू दिली होती. ती कुठे द्यायची, एवढेच त्याला माहीत नव्हते.

"आरं बाबा," तो अखेर म्हणाला, "हिची ही एकच जागा कोरडी ठिवायची आस्ती, आन् तू नेमकी तिथंच मेजवानी घातलीस."

"मुंजाजीभाऊ, नुसतं उभं ऱ्हाऊ नका," गौराबाई पदर खोचत म्हणाली. "अण्णा, धुवायचं कशानं ते सांगा."

"राकेल लागंल."

घरातल्या बाटलीत जेमतेम तळाशी राकेल होते. ते कंट्रोलवर मिळे, आणि या महिन्याचे यायचे होते. मुंजाजी न विचारता पळत गेला आणि आपल्या घरची बाटली घेऊन आला.

"आन् तुझ्या घरी कंदील कशावर लावायचा?"

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. कमलबाई मला अंधारातबी बराबर हुडकून शिव्या देती."

रेवणसिद्धने स्प्रिंगा काढून ओळीने थाळीत ठेवल्या. गौराबाईने एकेक चकती राकेलात धुतली, मुंजाजीने जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. धुऊन झाल्या तरी बोट फिरवले की चकती निसटतच होती. तेल जणू अंगात मुरले होते. अकरा वाजले होते. उन्हात वाळवायला वेळ नव्हता.

तेव्हा मल्लम्मा बाहेर आली. तिच्या हातात पितळी वाटी होती. विभूतीचे गोळे करण्यासाठी गोवऱ्या जाळून तीन वेळा वस्त्रगाळ केलेली राख त्या वाटीत होती.

"ही चोळा," ती म्हणाली. "तेलकट भांडं राखेनंच निघतंय. हे बी निघंल."

"अव्वा, पूजेची हाय की ती," गौराबाई म्हणाली.

"मंग? पोरगी जायलीय माझी, वाया थोडीच जायली राख."

राखेने चकत्यांवरचा ओशटपणा पिऊन घेतला. झटकून पुसल्यावर त्या बोटाला खरखरीत लागू लागल्या. पांढऱ्या पडलेल्या चकत्यांकडे पाहून मुंजाजीने हात जोडले. "आता फटफटीबी इभूत लावून तुमच्यातलीच, लिंगायत झाली म्हनायची." त्या सकाळी मल्लम्मा पहिल्यांदा हसली.

सगळे जागच्या जागी बसवून रेवणसिद्धने लाथ मारली आणि मूठ सोडली. गाडीने असा हिसका दिला की मागून धरून असलेला मुंजाजी चार पावले फरफटला आणि तरीही "धरलं! धरलं!" म्हणून ओरडत राहिला.

गौराबाई आईच्या पाया पडली. वाटीत उरलेल्या राखेचे बोट मल्लम्माने तिच्या कपाळावर ओढले. "पोचलीस की कागद धाड," एवढेच ती म्हणाली.

रेवणसिद्ध परतला तेव्हा दिवस मावळत होता. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मुंजाजी दगडावर बसला होता. दुपारपासून तो तिथून उठला नव्हता.

"रेल गावली का, आप्पा?"

"गावली. देवगावच्या फाट्याच्या अलीकडं चढावर एकदा चकत्यांची पकड सुटली. गौरा उतरून चालत आली. ठेसनात शिरलो तवा इंजन पानी घ्यायलतं."

मुंजाजीने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि तोंडावरून हात फिरवला.

"निघताना म्हनली, मुंजाजीभाऊला सांगा, त्यांच्या घरच्या उजेडावर मी चाललेय."

"अक्का आसं म्हनली?"

"म्हनली. चल, बस मागं."

"मी? न्हाई, आप्पा. मी येतो की चालत."

"बस म्हनलं ना."

मुंजाजीने पायातल्या वहाणा काढून काखेत धरल्या, गाडीच्या सीटला हात लावून तो कपाळाला लावला, आणि दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून संकोचाने बसला. रेवणसिद्धने मूठ अगदी सावकाश सोडली.